सुधारणेचा खर्च कोणाच्या माथी?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यातील १४ तारखेला ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नियमित विनामूल्य देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने बंद केली. ही प्रणाली २०१५ च्या जुलैमध्ये बाजारात आली होती, आणि त्याच वर्षीच्या एका परिषदेत कंपनीच्या एका प्रतिनिधीने ती विंडोजची शेवटची आवृत्ती असल्याचे सांगितले होते. शेवटची म्हणजे यापुढे नवे घर बांधले जाणार नाही, याच घराची डागडुजी होत राहील, असा अर्थ लोकांनी घेतला. आणि तो घेण्यात त्यांची काही चूक झाली असे म्हणता येणार नाही. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, ‘विंडोज ११’ अवतरली. आता जुन्या घरात राहावे तर दाराला कुलूप नाही, आणि नव्या घरात जावे तर स्वयंपाकघर कोठे व न्हाणीघर कोठे हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागणार, अशा पेचात संगणकावर ज्याचे रोजचे काम चालते तो सामान्य कर्मचारी सापडला आहे.

या पेचाचे खरे स्वरूप समजण्यासाठी तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आहेत. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची रांग आहे. आतल्या टेबलाशी वीस-बावीस वर्षे नोकरी झालेला लिपिक बसला आहे. त्याने एकेकाळी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या. पुढे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, पदरचे शुल्क भरून, संगणकाचे प्रमाणपत्र मिळविले. कोणती फाइल कोठे आहे हे तो आता आठवत बसत नाही, त्याचा हात आपोआप तेथे जातो. आदल्या संध्याकाळी देखभालीच्या कंत्राटातील माणूस येऊन नवी आवृत्ती चढवून गेला आहे. सकाळी पाहावे तो पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील बटण मध्यभागी सरकले आहे. माऊसची उजवी कळ दाबल्यावर जी लांबलचक यादी उघडत असे ती आखूड झाली असून नेहमीची आज्ञा ‘आणखी पर्याय’ या दाराआड गेली आहे. उघड्या फायलींची नावे खालच्या पट्टीवर ओळीने दिसत, ती एकाच चित्रात गोळा झाली आहेत. रांगेतला एखादा मुलगा खिडकीतून वाकून म्हणतो, “भाऊसाहेब, ते तिथं नाही, मधे आलंय आता.” मुलगा नम्रच असतो. परंतु ज्या खोलीत काल या माणसाला सर्व जण विचारीत होते, त्या खोलीत आज तो इतरांना विचारतो आहे. त्याचे ज्ञान काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत नाहीसे झाले, आणि ते त्याच्या आळसामुळे झालेले नाही.

अशा प्रसंगांची वासलात सामान्यतः एका वाक्यात लावली जाते: लोकांना बदल नको असतो. हे वाक्य उच्चारणाऱ्याला आपण पुरोगामी असल्याचे समाधान मिळते. पण त्यात अर्थशास्त्र फारसे नाही.

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ‘मानवी भांडवल’ ही कल्पना रूढ केली. शिक्षण, प्रशिक्षण आणि सराव यांवर माणूस जो वेळ आणि पैसा घालवितो ती एक गुंतवणूक असते व तिचा परतावा त्याच्या पुढील कार्यक्षमतेतून मिळतो, असे तिचे सूत्र. बेकर यांनी त्यात एक महत्त्वाचा भेद केला. काही कौशल्ये कोठेही उपयोगी पडतात, तर काही विशिष्ट ठिकाणापुरतीच असतात. जमाखर्च लिहिणे किंवा पत्राचा नेटका मसुदा करणे हे पहिल्या जातीचे कौशल्य. अमुक आज्ञा तमुक यादीच्या तिसऱ्या ओळीत आहे, हे दुसऱ्या जातीचे. ते त्या मांडणीबरोबर जगते आणि तिच्याबरोबर मरते. कारखान्यातील यंत्र झिजले तर त्याचा घसारा लिहिला जातो, नव्या यंत्रासाठी राखीव निधी ठेवला जातो. लिपिकाच्या बोटांतील भांडवल एका रात्रीत निकामी झाले तर ते लिहिण्यासाठी कोणत्याही ताळेबंदात रकाना नाही. आणि जे लिहिले जात नाही ते घडलेच नाही असे मानण्याची प्रशासनाची रीत सर्वपरिचित आहे.

या न लिहिलेल्या नुकसानीचा अंदाज एका साध्या उदाहरणाने करता येईल. समजा, एखाद्या संस्थेत १००० कर्मचारी संगणकावर काम करतात आणि नवी मांडणी अंगवळणी पडेपर्यंत प्रत्येकाची रोज अवघी १० मिनिटे शोधाशोधीत जातात. कामाचे २५ दिवस धरले तर दर माणशी २५० मिनिटे, म्हणजे एकूण ४१६६ तास होतात. ८ तासांचा दिवस धरल्यास हे ५२० दिवसांचे वेतन झाले. ते विक्रेत्याने दिलेले नाही. ते शासनाने, संस्थेने किंवा खिडकीबाहेर ताटकळणाऱ्यांनी दिले. कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर शेजारच्या वस्तीचे कपडे आणि फुप्फुसे काळी करतो, परंतु ती धुण्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात येत नाही, हे आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. पडद्यावरची मांडणी बदलण्याचा निर्णय घेणाऱ्याला तिचे फायदे मिळतात आणि तोटे मात्र दुसऱ्याच्या वाट्याला जातात, हा त्याच जातीचा व्यवहार होय. ज्याला खर्च द्यावा लागत नाही तो हात राखून खर्च करील, अशी अपेक्षा धरणेच चुकीचे आहे.

कळफलकाची साक्ष

सवय ही किती मोठी आर्थिक शक्ती आहे, याचे एक प्रसिद्ध उदाहरण खुद्द संगणकासमोरच ठेवलेले असते. इंग्रजी कळफलकावरील अक्षरांचा क्रम क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्रापासून चालत आला. ते यंत्र १८७० च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. टंकयंत्रे गेली, विजेची टंकयंत्रेही गेली, संगणक आले, खिशातले फोन आले. अक्षरांचा क्रम मात्र बहुतेक जगात तोच राहिला. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात असा युक्तिवाद केला की, अधिक चांगले क्रम उपलब्ध असतानाही केवळ आधीच्या योगायोगांमुळे जग या क्रमाशी बांधले गेले. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये या मताचा जोरदार प्रतिवाद केला. दुसरा क्रम अधिक चांगला असल्याचा पुरावाच कच्चा आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. त्यातून निघणारी एक गोष्ट मात्र वादातीत आहे. टंकलेखकांच्या संमतीवाचून तो क्रम कोणालाही बदलता आला नाही. यंत्र विकले की ते घेणाऱ्याचे होत असे. रेमिंग्टनचा माणूस रात्री कचेरीत शिरून कळा उपटून त्या दुसरीकडे बसवू शकत नव्हता.

आज नेमकी हीच गोष्ट शक्य झाली आहे. नवी मांडणी जुनीहून चांगली की वाईट, हा प्रश्न खरे तर दुय्यम आहे. शंभराहून अधिक वर्षे वापरणाऱ्याच्या हातात जो नकाराधिकार होता, तो इंटरनेटच्या तारेतून अलगद निघून विक्रेत्याकडे गेला.

मराठी टंकलेखकाला या विषयाची दुसरीही बाजू ठाऊक आहे. रेमिंग्टन धर्तीच्या मराठी यंत्रावर तयार झालेला हात संगणकावर आला, तेव्हा त्याच्यापुढे निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट आणि त्यांचे निरनिराळे कळफलक येऊन पडले. एका फाँटात टंकलेले परिपत्रक दुसऱ्या कचेरीत उघडावे तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी! भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय भाषांसाठी समान कळफलक ठरविला, आणि पुढे युनिकोडमुळे एका यंत्रावरचे मराठी दुसऱ्या यंत्रावर मराठीच राहू लागले. या बदलानेही अनेकांचा जुना सराव वाया गेला. पण त्याची किंमत देऊन जे मिळाले ते वापरणाऱ्यांच्याच पदरात पडले: पत्र कोठेही उघडते, शोधता येते, एकदा शिकलेला कळफलक पुन्हा शिकावा लागत नाही. तेव्हा प्रत्येक बदलाला विरोध करणे हा येथे मुद्दा नाही. स्टार्टचे बटण कोपऱ्यातून मध्यभागी नेल्याने मराठी लिपिकाच्या पदरात काय पडले, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

जुनी वाट बुजविण्याची रीत

या उद्योगाची रीत पहिल्यापासून अशी नव्हती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आज ज्याच्या स्थलांतराचे दुःख होते ते स्टार्ट बटण स्वतःच एकेकाळी नवे होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ बरोबर ते आले आणि तेव्हाही पडद्याचे रूप पार बदलून गेले. पण आदल्या आवृत्तीतील ‘प्रोग्राम मॅनेजर’ त्याच्यासोबत दिलेला होता. ज्याला हवा त्याने तो उघडावा. २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी’ निळ्या-हिरव्या रंगात आली, तेव्हा ज्यांना ते रंग रुचले नाहीत त्यांना थोड्याशा खटपटीने जुना मेनू आणि जुने करडे रूप परत आणता येत असे. २००७ च्या ‘ऑफिस’ संचात वरचे मेनू काढून त्यांच्या जागी चित्रांची रुंद पट्टी आली. त्या वेळी ज्या लिपिकांनी मेनू पाठ केले होते त्यांची त्रेधा उडाली, परंतु जुन्या मेनूंसाठी ज्या कळा क्रमाने दाबाव्या लागत त्या नव्या संचातही चालत राहिल्या. पडद्यावर नसलेला मेनू बोटांसाठी मात्र शिल्लक होता. कोणा विचारी माणसाने हे मुद्दाम करून ठेवले असले पाहिजे.

पुढे ही वाट हळूहळू बुजविली गेली. २००९ च्या ‘विंडोज ७’ मध्ये जुना मेनू गेला, जुने रूप कसेबसे राहिले. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या ‘विंडोज ८’ मध्ये तेही गेले आणि १७ वर्षे जागेवर असलेले स्टार्ट बटणही गेले. ॲपलचा आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला होता. बोटाने चालविण्याच्या पाट्यांचे युग सुरू झाले, आता सर्व संगणक पाट्यांसारखेच दिसले पाहिजेत, असा निष्कर्ष कंपनीने काढला. परिणामी टेबलावर माऊस घेऊन बसलेल्या मनुष्यापुढे मोठमोठ्या रंगीत फरशांचा पडदा उभा राहिला. ओरड इतकी झाली की २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘८.१’ आवृत्तीत बटण परत आले. मात्र ते दाबल्यावर पुन्हा फरशाच समोर येत. खराखुरा मेनू परतण्यास २०१५ साल उजाडावे लागले. तोच प्रकार पुढे ‘११’ च्या बाबतीत घडला. २०२१ मध्ये खालची पट्टी पडद्याच्या बाजूला वा वर नेण्याची सोय काढण्यात आली, फायली ओढून त्या पट्टीवर नेता येईनात, उघड्या खिडक्यांची नावे वेगवेगळी दाखविण्याचा पर्याय नाहीसा झाला. फायली ओढण्याची सोय २०२२ मध्ये परत आली, नावे दाखविण्याची २०२३ मध्ये. उजव्या कळीच्या यादीत ‘कॉपी’, ‘पेस्ट’ या शब्दांच्या जागी नुसती चित्रे बसविली होती, त्यांच्याखाली शब्द पुन्हा आले ते २०२४ च्या आवृत्तीत. आधी काढून घ्यावयाचे, ओरड झाली की थोडे थोडे परत द्यावयाचे आणि परत दिलेल्याची ‘नवी सोय’ म्हणून जाहिरात करावयाची, असा हा क्रम आहे.

असे का होते? रोनाल्ड कोज यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराविषयी एक मार्मिक विचार मांडला. टिकाऊ वस्तू विकणाऱ्याला प्रतिस्पर्धी नसला तरी तो निर्धास्त नसतो, कारण काल त्याने विकलेली वस्तू आजच्या त्याच्या गिऱ्हाइकाला पुरेशी असते. संगणक-प्रणालीइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नसेल. ती झिजत नाही, गंजत नाही, विटत नाही. तिच्या विक्रेत्याचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचीच आदली आवृत्ती. मोटारींच्या धंद्यात आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात दरवर्षी नवे रूप आणण्याची प्रथा रूढ केली, तिच्या मुळाशी हीच चिंता होती. कालचे चांगले असले तरी ते जुने दिसले पाहिजे.

तरीही सगळा दोष नफ्याच्या माथी मारणे सोपे असले तरी बरोबर होणार नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीवरील ‘ग्नोम’ नावाची मांडणी विकली जात नाही. तरी २०११ च्या एप्रिलमध्ये तिची तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुनी ओळखीची मांडणी अशीच मोडीत काढण्यात आली, आणि खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तिच्यावर जाहीरपणे संतापले. तेव्हा नफ्याखेरीज आणखी एक प्रेरणा येथे काम करते. नवे घडविणाऱ्याचे नाव होते, जुने नीट राखणाऱ्याचे होत नाही. नव्या अभियंत्याला नळाची गळती काढण्यापेक्षा नळाची जागा बदलण्यात अधिक रस असतो. आपल्याकडील अभ्यासक्रम-पुनर्रचनेचा अनुभव असलेल्या प्राध्यापकांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, ग्नोमची जुनी मांडणी ज्यांना हवी होती त्यांनी तिची संहिता उचलून ‘माते’ या नावाने ती पुढे चालू ठेवली. संहिता खुली असल्याने हे शक्य झाले. बंद प्रणालीच्या गिऱ्हाइकाला हा मार्ग नाही.

दुरुस्ती आणि रंगकाम

कंपन्यांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे काम त्यामुळे कोलमडले. त्यावरचा उपाय कंपनीने मार्चमध्येच दिलेला होता; ज्यांनी तो वेळेवर बसविला नव्हता ते सापडले. दुरुस्त्या टाळणारा मनुष्य स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो. येथवर कोणाचेच दुमत होणार नाही.

परंतु त्याच घटनेत एक दुसरी गोष्ट घडली, तिची आठवण सहसा काढली जात नाही. ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. तरी या संकटात कंपनीने तिच्यासाठीही तातडीने दुरुस्ती दिली. तीन वर्षांपूर्वी ‘मृत’ घोषित केलेल्या प्रणालीचे छिद्र बुजविले गेले आणि तिचे एकही बटण हलले नाही. म्हणजे दुरुस्ती आणि रंगकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्या वेगळ्या देता येतात. छपराची गळती काढण्यासाठी आलेल्या गवंड्याने घरातल्या भिंतीही हलविल्या पाहिजेत, असा काही निसर्गनियम नाही.

कंपनी स्वतःही हे जाणते. तिच्या विंडोजची एक दीर्घकालीन आवृत्ती असते. रुग्णालयांतील उपकरणे, बँकांची पैसे देणारी यंत्रे अशा कामांसाठी ती पुरविली जाते. त्या आवृत्तीत वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळतात आणि मांडणी मात्र स्थिर राहते. ‘विंडोज १०’च्या अशा एका उपकरणांसाठीच्या आवृत्तीला २०३२ च्या जानेवारीपर्यंत देखभालीचे आश्वासन दिलेले आहे. जे स्थैर्य यंत्राला द्यावयास हरकत नाही, ते यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला मागूनही मिळत नाही, ही गोष्ट तांत्रिक अडचणीची नव्हे, व्यापारी धोरणाची आहे. सुरक्षितता ही गरजेची वस्तू. रूपबदल ही ऐच्छिक. गरजेच्या वस्तूला ऐच्छिक वस्तू बांधून विकण्याचा प्रकार रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीने चांगला पाहिला आहे. साखर हवी असेल तर सोबत अमुक पुडा घ्या, असे दुकानदार म्हणाला की लोक तक्रार करीत.

संमतीचाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये ‘विंडोज १०’ घेण्याची सूचना देणारी चौकट लोकांच्या पडद्यावर वारंवार येऊ लागली. कोपऱ्यातील फुलीचे चिन्ह दाबले की चौकट बंद होते, म्हणजे ‘नको’, हे गिऱ्हाइकाला कंपनीनेच शिकविलेले. त्या वर्षी काही काळ मात्र फुली दाबणे म्हणजे ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती चढविण्यास मान्यता, असा अर्थ लावण्यात आला. वर्षाअखेरीस कंपनीच्या विपणनप्रमुखांनीच आपण मर्यादा ओलांडल्याची कबुली दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका छोट्या व्यावसायिक महिलेने, आपल्या मर्जीवाचून चढलेल्या आवृत्तीने कामाचा संगणक निकामी झाला म्हणून दावा लावला आणि तिला १० हजार डॉलर मिळाले. कंपनीने अपील मागे घेतले. आपल्याकडे असा दावा लावण्याइतका वेळ आणि धीर किती लिपिकांना असेल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

याशिवाय ‘विंडोज ११’ सामान्यतः २०१७ पूर्वीच्या रचनेचे प्रोसेसर असलेल्या संगणकांना स्वीकारीत नाही. त्यामुळे व्यवस्थित चालणारे जुने संगणकही निकालात निघतात. तो खर्च आणि तो कचरा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले की, असंतुष्ट गिऱ्हाइकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: दुकान सोडणे किंवा आवाज उठविणे. दुकान सोडण्याचा प्रयोग काहींनी केला आहे. केरळने आपल्या शासकीय व अनुदानित शाळांत लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली रुजविली आणि ती टिकविली. जर्मनीतील म्युनिक शहराने हजारो संगणक लिनक्सवर नेले, पण २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्रातील एखाद्या पंचायत समितीच्या लिपिकाला उद्यापासून दुसरी प्रणाली वापर म्हणणे म्हणजे ज्या दुःखावर औषध हवे तेच दुःख दुप्पट देणे होय. वर्षानुवर्षांचे अर्ज, फाँट, लेखा-प्रणाली हे सगळे एकाच दुकानाशी बांधलेले आहे. राहता राहिला आवाज.

तो वाया जातो असे मुळीच नाही. ‘८’चे बटण आवाजामुळेच परत आले. ‘विंडोज १०’ची मुदत संपताना कंपनीने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या. त्यासाठी ३० डॉलर भरा किंवा आपली सेटिंग्ज कंपनीच्या साठवणीशी जोडा, अशा प्रकारच्या अटी होत्या. युरोपातील ग्राहक-संघटनेने हरकत घेतल्यावर तेथील ग्राहकांना तीच मुदतवाढ विनामूल्य आणि अधिक सैल अटींवर मिळाली. माल एकच, कंपनी एकच, फरक संघटनेचा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका निर्देशाने, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, याहून पुढचे पाऊल टाकले. दीर्घकाळ पुरविल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूत वा सेवेत विक्रेत्याने केलेल्या बदलामुळे ग्राहकाच्या वापराला किरकोळ नव्हे अशी बाधा आली, तर ग्राहकाला करार मोडता येतो. मात्र जादा खर्चावाचून आदले, न बदललेले रूप निर्दोष स्थितीत राखण्याची मुभा विक्रेत्याने दिली असेल तर तो अधिकार उरत नाही. म्हणजे जुनी वाट शिल्लक ठेवणे या जुन्या सौजन्याला तेथे कायद्याचे बळ मिळाले. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आली आहे. तिला संगणकाच्या पडद्यापर्यंत पोहोचविण्याचे काम ग्राहक-चळवळीने आणि वकिलांनी अंगावर घेतले पाहिजे.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आपल्याकडे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शासन आहे. शासकीय खरेदीच्या निविदेत संगणकाची स्मृती किती, पडदा किती इंचांचा, हमी किती वर्षांची, याची कलमे बारकाईने लिहिलेली असतात. मांडणी किती वर्षे स्थिर राहील, याचे कलम त्यांत शोधावे लागेल. ते घालता येण्यासारखे आहे: यंत्राच्या अपेक्षित आयुष्याइतका, निदान सात वर्षांचा काळ सुरक्षा-दुरुस्त्या रूपबदलापासून अलग मिळाव्यात; रूप बदललेच तर आदले रूप निवडण्याची सोय असावी; आणि तीही नसेल तर कर्मचाऱ्यांच्या पुनर्प्रशिक्षणाचा खर्च पुरवठादाराने उचलावा. एकट्या महाविद्यालयाने असे लिहिले तर पुरवठादार हसेल. राज्य शासन, विद्यापीठे, जिल्हा परिषदा आणि सहकारी बँका यांनी एकच मसुदा वापरला तर त्याला हसता येणार नाही.

दरम्यान एक अगदी छोटी गोष्ट करता येईल. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत मोठे रूपबदल काही महिने पुढे ढकलण्याची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे, आणि तसे केल्याने सुरक्षा-दुरुस्त्या थांबत नाहीत. प्रवेशाचे दिवस, परीक्षेच्या अर्जांचे दिवस आणि मार्चअखेर या काळात कार्यालयातील कोणत्याही संगणकाची आवृत्ती बदलू नये, आणि बदलण्यापूर्वी तेथे बसणाऱ्या माणसाला आठवडाभर आधी सांगून एका बाजूच्या यंत्रावर ती हाताळू द्यावी, असे देखभालीच्या कंत्राटात दोन ओळींत लिहिता येते. त्यासाठी अमेरिकेतून परवानगी आणावी लागत नाही. प्राचार्यांची सही पुरते.